बिनब्रेकची सोयरीक

नांदेडच्या मोंढ्याच्या बाजारात एखाद्याला चहाला हाक मारली अन् तो थांबला नाही, तर तो माणूस बहिरा असतो नाहीतर भांडलेला. तिसरा प्रकार मोंढ्याला माहीत नव्हता. तो दयानंदने पुण्याहून आणला, आणि त्यापायी तनुजाचं ठरत आलेलं लग्न हॉटेलाच्या बाकावर लटकून पडलं.

मी ज्ञानोबा, मूळचा अहमदपूरचा. अहमदपूर लातूर अन् नांदेडच्या मधोमध, त्यामुळे आमच्याकडचा माणूस जन्मतःच मध्यस्थ असतो. इकडची मुलगी तिकडं, तिकडचा मुलगा इकडं, यातच माझी हयात गेली. मी जुळवलेल्या जोडप्यांची भांडणं एका दिवशी एका जागी ऐकायची म्हटली तर गोदावरीच्या दोन्ही काठांवर माणसं बसवावी लागतील. पण जुळवलेली सोयरीक मोडली, असं आजवर झालं नाही. तनुजाची मात्र पार कडेला गेली होती, ती हकीकत सांगतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिथं फारच खरा वाटेल, तिथं थोडा कमी धरावा.

तनुजा ही रामलिंगअप्पा कोरे यांची धाकटी लेक. अप्पांची नव्या मोंढ्यात आडत. शेतकऱ्याने माल यांच्या दारात उतरवायचा, यांनी तो लिलावात विकून द्यायचा, असा धंदा. हळदीत अप्पांच्या शब्दाला वजन. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय, हळकुंड मोडून नाकाशी धरल्याशिवाय त्यांनी कधी भाव उच्चारला नाही. दुकानातून मोकळे झाले की आवाराच्या गेटाजवळ हरिओमच्या हॉटेलापुढं लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे अन् येणाऱ्याजाणाऱ्याला चहाला हाक मारायचे. हरिओमचा चहा असा घट्ट, की माशी पडली तर पोहत नाही, चालत बाहेर येते.

मुलगा दयानंद लातूरचा. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. लातुरात अशी पोरं जितकी, तितकेच त्यांना शिकवणारे. त्यामुळे काही पुण्याला जातात. हा तीन वर्षं पुण्यात शिकवून नांदेडच्या एका क्लासवर आला. त्याने तनुजाला पाहिलं, तनुजाने त्याला पाहिलं, दोघांनी आपसात सगळं ठरवून घेतलं अन् मग आम्हा वडीलधाऱ्यांना सोयरीक जुळवायच्या कामाला लावलं. हल्ली अशीच रीत आहे, माझी तक्रार नाही. समाज एक, घरं तोलामोलाची. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. ती फोडायला अप्पांची थोरली बहीण बसम्मा देगलूरहून येणार होती. तिच्या परवानगीबिगर त्या घरात नारळसुद्धा फुटत नाही.

तेवढ्यात दयानंदची सायकल पुण्याहून ट्रान्सपोर्टने आली.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, अर्धीच पोचली, बाकीची मागच्या गाडीनं येत असेल. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँड नाही. दांडी, दोन चाकं, अन् बसायला चाकूच्या पात्याएवढी सीट. ब्रेक शोधण्यासाठी मी चष्मा पुसला.

"ब्रेक कुठं हाय रे?"

"नसतो काका हिला."

"तुटला?"

"नसतोच. फिक्स गिअर आहे. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं की चाक थांबणार. पुण्यात लई पोरं चालवतात."

"म्हणजे उतारावर पाय निवांत ठेवायची सोय न्हाई?"

"नाही."

"अन् पायडलला हे पट्टे?"

"पाय निसटू नये म्हणून. पाय पट्ट्यात आवळून बसायचं."

"मग थांबतोस कसा?"

"कंट्रोल पायात असतो काका," दयानंद म्हणाला, पण माझ्याकडं न बघता, सायकलीच्या मागच्या चाकाला सांगितल्यासारखं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. फिजिक्सवाला चाकाशी बोलायला लागला की समजावं, उत्तर त्याला पाठ आहे, पण गणित सुटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयानंद त्या सायकलीवरून क्लासला निघाला. वाट हरिओमच्या हॉटेलावरून. अप्पा खुर्चीत, भोवती मोंढ्यातली चार माणसं, मीही होतोच. लांबून स्वारी दिसली तसे अप्पा ताठ बसले. "आमचे पाव्हणे येऊन राहिले," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, अन् हात वर करून हाक घातली, "या दयानंदराव, चहा घ्या."

दयानंदने मान लववली, हसला, "नमस्कार अप्पा" म्हणाला. त्यातलं "नमस्कार" आम्हाला मिळालं, "अप्पा" पुढच्या पानटपरीवाल्याला.

अप्पांचा हात वरच राहिला. मग त्याच हाताने त्यांनी मान खाजवली.

"घाईत असतील," हरिओम म्हणाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मुलीच्या बापाने चहा पुढं केला अन् मुलाने तो घेतला नाही, तर आमच्याकडं तो मुलाचा नकार धरतात. तोंडाने नाही म्हणायला माणसं लाजतात, म्हणून चहाला हात लावत नाहीत. मी अशा बैठका पाहिल्यात की भरल्या कपांवर साय धरली, अन् दोन्हीकडची माणसं हवापाण्याच्या गप्पा मारत, कुणाला काही न बोलता, कायमची उठून गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः भरली कपबशी हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मुलीच्या बापाने इतकं करू नये, पण त्यांचा लेकीवर जीव. दयानंद आला, अप्पांना अशी सुंदर गोलाई घेऊन वळसा घातला की बशीतला थेंब हलला नाही, अन् गेला. अप्पांनी तो चहा उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला, म्हणजे निदान साय तरी धरू नये.

तिसऱ्या दिवशी दयानंदने सुधारायचा प्रयत्न केला. त्यानेच जास्त बिघडलं.

त्याने सायकल सरळ हॉटेलापुढच्या मोकळ्या जागेत घातली आणि आमच्या खुर्च्यांभोवती फेऱ्या मारायला लागला. "नमस्कार अप्पा, बसा," हे पहिल्या फेरीत. "तब्येत बरी आहे ना," हे दुसऱ्या फेरीत. अप्पा त्याच्या दिशेने मान वळवू लागले. मान संपली तशी खुर्ची वळवू लागले. हरिओमने येता येता त्याच्या हातात कप दिला, म्हटलं निदान घेतो तरी. पुढच्या फेरीला पोरानं कप परत हरिओमच्या हातात ठेवला. भरलेला. एका हाताने ती सायकल वळेना अन् दुसऱ्या हाताने चहा तोंडापर्यंत जाईना, म्हणून बिचाऱ्याने दिला परत; पण बघणाऱ्याला काय दिसलं? मुलीच्या बापाचा चहा हातात घेतला, वास घेतला, अन् नापसंत मालासारखा परत केला.

मग तो रस्त्याला लागला. जाताना "येतो अप्पा" म्हणाला.

"तो येणार न्हाई," अप्पा म्हणाले. "ज्ञानोबा, तुम्ही आणलेला मुलगा न्हाई म्हणून गेला. एकदा न्हाई, तीनदा. सगळ्या मोंढ्यापुढं."

"अप्पा, त्याच्या सायकलीला ब्रेक न्हाई."

"बिनब्रेकची सायकल कुणी इकत असंल का? अन् इकली तर फिजिक्सचा मास्तर घेत असंल का? तुम्ही आजवर लई थापा मारल्या, मी च्या पाजून ऐकल्या. माझ्या लेकीच्या मामल्यात मारू नका."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी मीठमसाला न लावता खरं बोललो होतो, अन् त्याचा हा भाव मिळाला.

"आक्का उद्या येऊन राहिली," अप्पा उठत म्हणाले. "आली की सांगतो, सुपारी घेऊन तशीच माघारी जा. हरिओम, त्या मुलाला माझ्या खात्यावर आता पाणीसुदीक देऊ नको."

मोंढ्यात बातमीला पाय नसतात, हमालाच्या डोक्यावर बसून जाते. तासाभरात समोरचा आडत्या सुदर्शन मला कोपऱ्यात घेऊन विचारत होता, "लातूरचा मुलगा मोकळा झाला म्हणे? आमच्या भाचीसाठी विचारलं तर चालंल का?" या सुदर्शनचं अन् अप्पांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं, त्यामुळे मिटवायला काही धागाच सापडत नव्हता. तरी माणूस सरळ. म्हणाला, "चोरून न्हाई करायचं. आधी अप्पांना विचारीन, मगच."

संध्याकाळी मी दयानंदच्या खोलीवर गेलो. तनुजा आधीच येऊन बसली होती, खाली तिची स्कूटी होती. दयानंद भिंतीला टेकून उभा. कपाळाला एक, कोपराला दोन पट्ट्या.

"खरं बोल," तनुजा त्याला म्हणत होती. "काकांसमोर बोल."

"थांबता येत नाही मला," दयानंद म्हणाला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"पुण्यात एक मित्र शिकवत होता. आधी चालवायला शिकवलं. थांबायचं शेवटी शिकवणार होता. तेवढ्यात इकडं यावं लागलं."

"मग रोज थांबतोस कसा?"

"काहीतरी धरून. पाय पट्ट्यात असतात, नुसतं थांबलं तर आडवा होतो. क्लासपुढं विजेचा खांब आहे, तो धरतो."

सगळं बाहेर आलं मग. खांब मोकळा असला तर ठीक. एखाद्या दिवशी खांबाला कुणी टेकून उभा असला की हा पुढं जायचा. परवा खांबाला म्हैस बांधलेली. हा पुढच्या खांबाला गेला, तिथं बॅनरवाला शिडी लावून चढलेला. असं करत करत नांदेड संपलं, अन् हा अर्धापूरला केळीच्या बागेत जाऊन थांबला. केळीला मिठी मारली. केळ म्हणजे काही खांब नव्हे. ती याला घेऊन झोपली. मालकाने नुकसानभरपाई म्हणून ओरडायच्या ऐवजी, लातूरचा मास्तर इतक्या लांबून बाग बघायला आला, म्हणून तोच घड बांधून दिला. त्या दिवशी क्लासच्या पोरांना केळी वाटली गेली, अन् सरांचा वाढदिवस समजून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"चाललेली वस्तू चालतच ऱ्हाते, हे तू पोरांना शिकवतोस ना?" तनुजा म्हणाली.

"हाव."

"अन् थांबवायचं कोणत्या धड्यात हाय?"

"पुढच्या. घर्षणाच्या."

मला हसू आलं.

"काका, लग्न माझं मोडून राहिलं अन् तुम्ही हसून राहिलात," तनुजा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी लगेच खोकलो.

"पायी येऊ का उद्या?" दयानंद म्हणाला. "अप्पांच्या पाया पडतो. चहा पितो."

"हाक कोण मारंल?" मी म्हटलं. "चौथ्यांदा बोलावणं मुलीच्या बापाला शोभत न्हाई. अन् न बोलावता येऊन पिलेला चहा धरत न्हाईत."

"अन् पायी आलास तर ब्रेकची गोष्ट खोटीच ठरंल," तनुजा म्हणाली. मग सायकलीच्या सीटवर हात ठेवून माझ्याकडं वळली. "काका, अप्पा पोत्यात हात घातल्याबिगर भाव बोलतात का?"

"कधीच न्हाई."

"मग द्या त्यांना सायकल."

"हातात?"

"बुडाखाली," तनुजा म्हणाली.

सकाळी लिलावाच्या आधी मी ती सायकल ढकलत अप्पांच्या दुकानापुढं नेली. आवाराचा आतला रस्ता लिलावाच्या शेडला गोल वळसा घालून परत गेटाशी येतो. गाड्या अजून कमी होत्या. अप्पा ओट्यावर उभे. माझ्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं, अन् पाठ केली.

"अप्पा, एवढं विचारतो अन् जातो," मी म्हटलं. "मालात हात न घालता भाव पाडायला कधीपासून लागलात?"

पाठ परत फिरली.

"काय म्हणालात?"

"तीन दिवस लांबून बघितलं अन् माल खराब ठरवला. पोतं उघडलं का तुम्ही? मोंढा म्हणून राहिला, अप्पांची नजर गेली आता, बारदान बघून बोलतात."

मोंढा असं काही म्हणत नव्हता. पण म्हणाला असता.

अप्पांनी धोतराचा काचा मारला. "सायकलीचं मला नका सांगू, ज्ञानोबा. धर्माबादहून मिरचीचं पोतं मागं बांधून नांदेडला येत होतो मी. शिंकत शिंकत येत होतो, पण हँडल हललं न्हाई कधी." ते सीटवर बसले. सीट कुठं गेली ते दिसेना. "पट्टे आवळा."

मी आवळले. जरा जास्तच आवळले. मग पाठीला हात लावला अन् सोडून दिलं.

दहा-बारा हात सायकल बेस गेली. मग अप्पांनी जुन्या सवयीने पाय स्थिर ठेवले. पण चाक फिरत होतं, म्हणून पायडलही फिरलं, अन् त्याने अप्पांना असं वर फेकलं की क्षणभर त्यांच्या अन् सीटच्या मधून मला पलीकडचा पत्र्याचा शेड दिसला. दुसऱ्यांदा पाय थांबवले, दुसऱ्यांदा उडाले. तिसऱ्यांदा त्यांना कळलं की ही सायकल आपण चालवत नाही, ती आपल्याला चालवून राहिली. थांबावं तर आडवं पडायचं, पाय काढावा तर पट्टे. ते जीव खाऊन पायडल मारायला लागले.

हॉटेलापुढं शेषेराव बसले होते. अर्धापूरचे मोठे बागायतदार. त्यांची सगळी हळद दरवर्षी अप्पांच्याच आडतीला येते. आजही टेम्पो भरून आला होता. अप्पा सायकलीवर बघून शेषेराव कौतुकाने उठले. "रामराम अप्पा. या, चहा घ्या."

अप्पा गेले.

शेषेराव कप हातात धरून उभे. "माल न बघताच नापसंत का काय?" त्यांनी हरिओमला विचारलं. हरिओमने कालच असा भरला कप परत घेतला होता, म्हणून त्याने नुसता हात पुढं केला.

पुढं सुदर्शनचं दुकान. तो दारात आला. भाचीबद्दल विचारायचं त्याने रात्रीच ठरवलं होतं. दहा वर्षांचा आवंढा गिळून त्याने हाक दिली, "अप्पा. या, चहा घेऊ."

हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. एका पोत्यातून सांडणारं सोयाबीनसुद्धा मधेच थबकलं.

अप्पा गेले.

अन् गेटात रिक्षा उभी राहिली. तिच्यातून बसम्मा उतरली, हातात पिशवी, पिशवीत सुपारी, कुंकू अन् खण. समोरून सख्खा भाऊ दात आवळून येताना दिसला. "तम्मा," तिने धाकट्या भावाला मारायची ती लाडाची हाक मारली. भाऊ थांबेना. देगलूरकडं आवाज चढला की माणूस कानडीत जातो. "निल्लो, तम्मा," म्हणजे थांब रे, म्हणत ती मधे हात आडवा करून उभी राहिली. अप्पांनी तिलाही वळसा घातला, अगदी दयानंदसारखाच, गोल अन् सुरेख.

दुसऱ्या फेरीत अप्पांनी खुलासा करायचा ठरवलं. पण दम लागलेला, एका जागेला एकच शब्द निघायचा. शेषेरावांपाशी "ब्रेक" निघाला. सुदर्शनपाशी "न्हाई" निघाला. बसम्मापाशी "हिला" निघाला. सगळं वाक्य आख्ख्या मोंढ्यात फक्त मला ऐकू आलं, कारण मी मागून पळत होतो. सुदर्शनने दहा वर्षांनी चहाला बोलावलं अन् त्याच्या वाटणीला "न्हाई" आलं. तो खाली बसला.

तिसऱ्या फेरीला समोर लिलावासाठी ओतलेला हळदीचा ढीग होता. सुदर्शनच्याच आडतीचा, पुरुषभर उंच. अप्पांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. दुसऱ्याच्या मालात शिरले.

जो पिवळा लोट उठला, त्याने नदीपलीकडं सिडकोपर्यंत माणसं शिंकली. हमाल धावले, मी धावलो. गेटाबाहेर आडोशाला उभे असलेले तनुजा अन् दयानंदही धावत आले. लोट खाली बसला. ढिगातून आधी सायकलीचं मागचं चाक दिसलं, ते फिरतच होतं. त्याच्या वर अप्पा, डोक्यापासून धोतरापर्यंत पिवळेधमक, पट्ट्यातले पाय अजून पायडल मारत. अप्पांनी हाताशी आलेलं एक हळकुंड उचललं, कडकन मोडलं, नाकाशी धरलं.

"ओल हाय," ते म्हणाले.

सुदर्शनला राग यायला तेवढं पुरे होतं. "चहाला बोलावलं तर न्हाई म्हणालात, अन् वरून माल नासका म्हणता?"

"माझा टेम्पो मी दुसऱ्या दारात लावतो," शेषेराव म्हणाले. "अप्पांना आता आमची ओळख ऱ्हायली न्हाई."

बसम्मा पुढं आली. "आई गेल्यावर तुला कुणी वाढवलं रे, तम्मा? गेटात हात आडवा केला मी. गुरं थांबतात एवढ्यानं."

"आक्का, ब्रेक न्हाई हिला," अप्पा म्हणाले. "शेषेराव, सुदर्शनशेठ, शपथ घेतो. ब्रेक न्हाई."

"बिनब्रेकची सायकल कोण इकतं अप्पा?" सुदर्शन म्हणाला. "अन् कोण घेतं?" आख्खा मोंढा हसला.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. म्हटलं बघावं, आज माझ्या शब्दाची गरज पडते का. पण माझी साक्ष मोंढ्यात किती चालते ते अप्पांना माझ्याइतकंच ठाऊक. त्यांची नजर माझ्यावरून सरकली अन् दयानंदवर जाऊन थांबली.

"त्याला इचारा," अप्पा म्हणाले. "माझ्या जावयाला."

जावयाला. तनुजाने माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

दयानंद पुढं झाला. त्याच्या क्लासची चार पोरं गर्दीत होती, ती मला दिसली. त्यालाही दिसली असावीत. फिजिक्सच्या सरांनी अशा ठिकाणी काय बोलावं?

"तीन दिवस तुम्ही माझ्या चहाला कामून थांबला न्हाईत?" अप्पांनी ढिगावरून विचारलं. "सगळ्यांना सांगा."

दयानंदचे कान लाल झाले. "थांबता येत नाही मला," तो म्हणाला. "चालवायला शिकलो अन् तेवढंच. खांब सापडला तर थांबतो. तुमच्यापाशी खांब नव्हता, अप्पा, लिंब होता, तो कवेत मावत नाही. मी लाजेपायी बोललो नाही."

"मलाबी न्हाई आलं," अप्पा म्हणाले.

बसम्माने पिशवी तनुजाकडं दिली अन् सायकल बघायला वाकली. पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं, हँडलखाली हात फिरवला. सून बघायला गेलेली बाई वेणी बघते तसं. मग सरळ झाली. "न्हाई," ती म्हणाली. "बिलकूल न्हाई. खरं बोलतो तम्मा."

शेषेरावांनी टेम्पोवाल्याला हातानेच थांबवलं. सुदर्शन पुढं आला, वाकला, अन् अप्पांच्या पायाचे पट्टे सोडवायला लागला.

"च्या आण," बसम्मा हरिओमला म्हणाली.

चहा आला. दयानंद घ्यायला उभाच राहिला. "बस," ती म्हणाली. तो पोत्यावर बसला. अप्पांनी पिवळ्या हाताने बशी त्याच्यापुढं धरली. "घ्या दयानंदराव," म्हणाले. दयानंदने बशी तोंडाला लावली. बसम्मा कंबरेवर हात ठेवून त्याच्या गळ्याकडं बघत होती. घोट खाली उतरेपर्यंत तिने पापणी हलवली नाही. बशीतली हळदसुद्धा पोरगं पिऊन गेलं.

"तम्मा, सुपारी फोड."

"इथं? आक्का, घरी पाट मांडू, माणसं बोलवू, लातूरहून त्यांचे आईवडील येऊ दे..."

"त्यांना फोन लाव, आवाज ऐकू दे. हा पुन्हा सायकलीवर बसायच्या आत फोड."

तनुजाने फोन लावला. सुदर्शनने आपल्या दुकानातलं जुनं लोखंडी वजन काढून दिलं. हळदीच्या काट्यावर सुपारी ठेवली, दयानंदच्या आईने लातूरहून "हाव, हाव, फोडा" म्हटलं, अन् अप्पांनी वजन हाणलं. सुपारीचं एक खांड उडून हरिओमच्या किटलीत पडलं. ते त्याने काढलं नाही.

"अप्पा, हळद आधी मला लागायची असती," तनुजा म्हणाली. अप्पांनी तिच्या गालाला हात लावला, तेवढी लागली.

मग अप्पा अन् दयानंद दोघंही पायी सुदर्शनच्या दुकानात चहाला गेले, तिथून शेषेरावांबरोबर परत हॉटेलात आले. भाचीचा विषय सुदर्शनने काढलाच नाही. दहा वर्षांत हळदीला काय काय भाव मिळाला, तेच दोघं आधी बोलत बसले. त्या हळदीला ओल होतीच, ते शेवटी सुदर्शननेही कबूल केलं.

दयानंदने सायकल हातात धरली अन् क्लासकडं चालत निघाला. पण बातमी त्याच्यापुढं निघाली होती, अन् आता तो पायी होता. पानटपरीवाल्याने हाक मारली, थांबावं लागलं, चहा घ्यावा लागला. किराणावाल्याने मारली. ज्या खांबाला तो रोज धरायचा, त्या खांबाजवळच्या हॉटेलवाल्याने तर रस्त्यात येऊन वाट अडवली. दयानंदने पोटावर हात ठेवला, मग दोन्ही हात जोडले.

"मोंढ्यात घेतला," हॉटेलवाला म्हणाला, "अन् आमच्याकडं न्हाई?"

क्लासची पोरं खिडकीत उभी राहून बघत होती. दयानंदने सायकल खांबाला टेकवली अन् बाकावर बसला.